साक्षीतला कुत्रा

माणसाचा आत्मा अंधारातून उजेडात यावा, याहून थोर घटना या भूतलावर दुसरी नाही. मात्र ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना संपता संपता आणि चहाच्या आधी घडवून आणायची असेल, तर थोडी पूर्वतयारी लागते.

चर्चच्या त्या मंडळीत ही तयारी दोघं जण करत. एक रंगारी, ज्याचा आत्मा होता तो. आणि दुसऱ्या चहाच्या मावशी, ज्यांचा स्टोव्ह होता. प्रभूने आपल्याला कसं वाचवलं हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, याला साक्ष देणं म्हणतात. रंगारी साक्ष द्यायला उभा राहिला की मावशी मागच्या खोलीत पाणी चढवत. तो दारू प्यायला की पत्ती. गटारात पडला की साखर. गटारात कुत्रा आला की दूध. आकाशातून प्रकाश पडला की गाळणी. ‘आमेन’च्या गजरात कपांचे ट्रे बाहेर येत. घड्याळाकडे बघणं मावशींनी केव्हाच सोडून दिलं होतं.

रंगाऱ्याची साक्ष म्हणजे त्या मंडळीची शान होती. पलीकडच्या मंडळीकडे नवा ऑर्गन होता, नदीपलीकडच्यांकडे गादीची बाकं होती. यांच्याकडे वाचलेला दारुडा होता, आणि तो नुसता वाचलेला नव्हता, बोलणारा होता. सुटीच्या दिवशी त्याला न्यायला दुसऱ्या मंडळ्यांच्या गाड्या येत. तिथेही लोक रडत. एकदा तर एक बाई इतक्या रडल्या की रंगाऱ्यालाच त्यांना पाणी नेऊन द्यावं लागलं, आणि परत येईपर्यंत आपण कुठे पडलो होतो हे तो विसरला.

तो मुळात खोटारडा नव्हता. दारू तो खरोखरच प्यायचा, आणि ती खरोखरच सुटली होती. या दोन गोष्टींत एका थेंबाची भेसळ नव्हती. भेसळ होती ती मधल्या भागात.

त्याने पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा ती एवढीशी होती की मागच्या बाकांवरच्यांना वाटलं, हा हॉलच्या रंगकामाबद्दल काही सूचना देतोय. कुणी रडलं नाही. एका आजोबांनी विचारलं, “मग पुढे काय झालं?” पुढे काहीच झालं नव्हतं. पुढे तो नेहमीसारखा कामावर जात होता.

उपासनेनंतर खजिनदारांनी त्याला बाजूला घेतलं. खजिनदार पोटापाण्यासाठी विमा विकत, त्यामुळे माणसाला आधी पुरेसं घाबरवल्याशिवाय तो भल्याच्या वाटेला लागत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

“छान बोललात,” ते म्हणाले. “पण जरा कोरडं झालं. तुम्ही कधी गटारात वगैरे…?”

“गटाराजवळून जायचो,” रंगारी म्हणाला. “घर त्याच रस्त्यावर आहे.”

“जवळून! बघा, म्हणजे आहेच की!”

भिंतीला रंगाचा एकच हात मारला तर खालचं सगळं दिसतं, हे रंगाऱ्याला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या हाताला तो गटारात पडला. तिसऱ्या हाताला कुत्रा आला आणि आपल्या तोंडातला पावाचा तुकडा त्याने रंगाऱ्यापुढे ठेवला. पुढच्या महिन्यात कुत्रा लंगडा झाला. त्यानंतर प्रकाश पडला, आणि प्रकाशातून त्याला नावाने हाक आली. हे सगळं त्याने काही ठरवून केलं नव्हतं. समोरचे डोळे भरून येताना दिसले की जीभ आपोआप पुढे सरकायची, पूर्वी हात बाटलीकडे सरकायचा तसाच. हे साम्य त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या आलं होतं. ती खिडकीशेजारच्या बाकावर बसायची आणि कुत्रा आला की बाहेर बघायची.

सगळं असं सुरळीत चाललं असताना मेहुण्याचा प्रश्न उभा राहिला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बेकरीत भट्टी सांभाळायचा. पावाचा हात चांगला होता, स्वभाव गोड होता, आणि पहाटेपासून प्यायचा. बेकरीत खमिराचाच वास इतका असतो की त्यात आणखी कसला वास मिसळला तर कळत नाही. कळलं ते त्याच्या हातांवरून. त्या वर्षात दुसऱ्यांदा भट्टीच्या दाराला चिकटून त्याचा कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला, तेव्हा मालकाने सांगितलं, “हात बरा होईपर्यंत पाव मोजायला बस. पण पुन्हा असं झालं तर येऊ नकोस. भट्टीत तू पडलास तर मी तुझ्या बहिणीला काय सांगू?”

हे ऐकून बहीण, म्हणजे रंगाऱ्याची बायको, घरी येऊन स्वयंपाकघरात बसली. रंगाऱ्याच्या घरातलं हे स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. तीन भिंती रंगवलेल्या, चौथीला नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवलेली, पांढरी, ठिपक्याठिपक्यांची. पिण्याच्या दिवसांत ती ‘उद्या’वर राहिली होती. आता साक्षीच्या दौऱ्यांमुळे सुटीचा दिवस मिळत नव्हता.

“त्याला घेऊन जा तुमच्या त्या रविवारी,” बायको म्हणाली. “लोकांचे भाऊ तारता गावोगाव. माझा एक तारा.”

रंगारी छाती काढून म्हणाला, “तू बघच.”

त्या रविवारी त्याने काही हातचं राखलं नाही. मेहुणा शेवटच्या बाकावर, हाताला पट्टी बांधून बसला होता. रंगारी गटारात पडला तो असा पडला की पुढच्या बाकावरच्या बाईंनी पाय वर घेतले. कुत्र्याचा लंगडा पाय त्या दिवशी रक्ताळलेलाही होता. मेहुण्याने डोळे पुसले. रंगाऱ्याने ते पाहिलं आणि प्रकाश थोडा वाढवला.

चहाच्या वेळी मेहुणा धावत आला आणि त्याने दाजींना एका हाताने मिठी मारली.

“दाजी, काय सांगू तुम्हाला! डोक्यावरचं ओझंच उतरलं.”

“प्रभूची कृपा,” रंगारी म्हणाला.

“मी केवढा घाबरलो होतो हो! मला वाटत होतं, मी दारुडाच झालो की काय. तुमचं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. मी कुठे गटारात पडलोय? मी रोज कामावर जातो. दाढी करतो. कुत्र्याच्या तोंडचं खाल्लंय का कधी? नाही! म्हणजे मी आपला साधा पिणारा माणूस. ताई उगाच डोक्यात राख घालून घेते.”

“अरे, पण तुझा हात…”

“भट्टीवाल्याचा हात भाजायचाच. रंगाऱ्याला रंग लागत नाही का?” मेहुण्याने कप खाली ठेवला आणि प्रेमाने दाजींचा खांदा दाबला. “पुढच्या वेळी पण येणार हं मी. कुत्र्याचं पुन्हा ऐकायचंय. बिचारा!”

आणि तो शीळ घालत कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेला. हे दुकान पुस्तकांचं नव्हतं.

घरी गेल्यावर बायको स्वयंपाकाला लागली. पातेली तिच्याऐवजी बोलत होती. शेवटी ती वळली.

“कुठला कुत्रा?”

“अगं, ते एक बोलायची पद्धत…”

“आपल्या गल्लीत कुत्रा होता कधी? समोरच्या म्हाताऱ्याची मांजर होती, ती तुम्हाला बघून पळायची. आणि गटार? ते तर झाकलेलं आहे हो! त्यात पडायचं म्हटलं तर आधी नगरपालिकेला अर्ज करावा लागेल.”

रंगारी त्या चौथ्या भिंतीकडे बघत बसला.

“तुम्ही पडला असतात कुठे तरी, तर बरं झालं असतं,” बायको हळू म्हणाली. “चार माणसांनी उचलून आणलं असतं. मला कुणाला सांगता तरी आलं असतं. तुम्ही वेळेवर घरी यायचात. इस्त्रीचा शर्ट घालून इथे, या खुर्चीवर बसायचात, आणि हसायचात. पोरीला एकच गोष्ट चारदा विचारायचात आणि चारही वेळा हसायचात. मला त्या हसण्याची भीती वाटायची. हे कुणाला सांगणार? नवरा हसतो म्हणून?”

पातेलं उतरवत ती म्हणाली, “माझा भाऊ पण तसाच हसत गेला आज.”

रंगाऱ्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्या साक्षीने एक माणूस दारूच्या दुकानात गेला, ही गोष्ट कितीही हात मारले तरी झाकली जाईना. ओल्या भिंतीवर रंग चढवला की काही दिवस भिंत झकास दिसते, मग पोपडे धरतात. असं काम करणाऱ्या रंगाऱ्यांना तो स्वतः शिव्या घालायचा.

पुढचा पहिला रविवार जवळ आला तसा तो मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाळकांकडे, गेला. पाळक म्हातारे, उंच आणि कमी बोलणारे होते. कमी बोलणारा पाळक ही तशी दुर्मीळ चीज. खजिनदार तिथेच हिशेबाला बसले होते.

“मला या वेळी खरं सांगायचंय,” रंगारी म्हणाला. “कुत्रा नव्हता.”

खजिनदारांनी चष्मा काढला. “नव्हता म्हणजे?”

“नव्हता. गटारही नव्हतं. प्रकाशही…”

“अहो, या रविवारी तीन मंडळ्यांचे पाहुणे यायचेत! कशासाठी येतायत ते? आमच्या रंगकामासाठी?” खजिनदारांनी क्षणभर विचार केला आणि विम्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसासारखी तडजोड पुढे केली. “असं करा. गटार काढा. प्रकाश पण काढा हवं तर. पण कुत्रा राहू द्या. लहान मुलांना आवडतो.”

पाळक इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. “मला नेहमी वाटायचं,” ते म्हणाले, “की तो कुत्रा मी भेटण्याच्या आधीचा असेल. म्हणून मी कधी विचारलं नाही. माझीही चूकच झाली.” मग ते रंगाऱ्याकडे वळले. “बोलताना पाय लटपटतील तुमचे.”

“लटपटतील.”

“मी पुढच्या बाकावर बसतो. हा हॉल रंगवताना तुमची शिडी धरली होती, तसा.”

रविवारी हॉल भरला होता. पाहुण्यांनी रुमाल आणले होते. मेहुणा शेवटच्या बाकावर होता. या वेळी पट्टी दुसऱ्या हाताला होती. बायको खिडकीशी बसली होती. भावाचा हा दुसरा भाजलेला हात तिनेच बांधून दिला होता. मालकाने मेहुण्याला दारू सोडायला आठवडा संपेपर्यंतची मुदत दिली होती, ती शेजारपाजारच्यांनी केलेल्या रदबदलीमुळे.

रंगारी उभा राहिला. मागच्या खोलीत पाण्याचं पातेलं स्टोव्हवर चढल्याचा आवाज आला.

“मी कधी गटारात पडलो नाही,” तो म्हणाला.

पुढच्या ओळीतल्या एका पाहुण्याने रुमाल अर्ध्यावर थांबवला.

“आमच्या रस्त्यावरचं गटार झाकलेलं आहे. कुत्राही नव्हता. ते मी तुम्हाला रडू यावं म्हणून सांगायचो. तुम्ही रडलात की मला बरं वाटायचं. त्याबद्दल मी प्रभूची क्षमा मागितली आहे, आता तुमची मागतो.”

कुणीतरी खोकलं. खजिनदारांनी छताकडे पाहिलं. रंग चांगला टिकला होता.

“मी रोज कामावर जायचो. दाढी करायचो. माझा थिनरचा डबा होता, त्याच्याशेजारी तसलाच दुसरा डबा होता. त्यात दारू. थिनरच्या वासाखाली कुठलाही वास दडतो. लोक म्हणायचे, तू हे कष्टाचं काम सोडत का नाहीस, दुकान टाक रंगाचं. मी म्हणायचो, कामावर प्रेम आहे माझं. प्रेम नव्हतं. वास होता.”

शेवटच्या बाकावर मेहुण्याने मान वर केली.

“हात थरथरायचा. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, थंडी आहे. भर उन्हाळ्यात म्हणायचो. आणि लोक ‘हो का’ म्हणायचे, कारण भिंत चांगली होत होती. एकदा पोरगी तापाने फणफणली होती. हिने मला औषध आणायला पाठवलं. मी गेलो, परत आलो आणि बाटली हिच्या हातात दिली. ती थिनरची होती. मी झिंगलेलो नव्हतो. शर्ट इस्त्रीचा होता. हिने झाकण उघडून वास घेतला, चप्पल घातली आणि स्वतः गेली. मी खुर्चीवर बसून हसलो. बस. याहून वाईट माझ्या हातून काही झालं नाही. हे एवढंच झालं, रोज थोडं थोडं.”

खिडकीशी बसलेली बायको बाहेर बघत नव्हती.

“मग या हॉलच्या रंगाचं काम मिळालं. मी स्वस्त होतो. वेदीमागे हा जो क्रूस आहे, त्याच्याभोवती निळा पट्टा मारायचा होता. मी शिडीवर होतो आणि मला सरळ रेघ मारता येईना. पाळकसाहेब आले, त्यांनी बघितलं, आणि ते खाली शिडी धरून उभे राहिले. खूप वेळ. मी वरून म्हटलं, प्रभू, मला रेघ मारता येत नाही. तेवढीच प्रार्थना. कुठून प्रकाश पडला नाही. हाक आली नाही. रेघ वाकडीच आली. ती बघा, डावीकडे.”

सबंध हॉलने माना डावीकडे वळवल्या. इतकी वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं, की निळा पट्टा एका जागी पोटात कळ आल्यासारखा वाकला होता.

“मी खाली उतरलो आणि तो दुसरा डबा त्यांच्या हातात दिला. त्यानंतर ते रोज सकाळी माझ्या घरी यायचे. मी ओकायचो, ते बसून राहायचे. मग दोघं मिळून प्रार्थना करायचो, आणि ते जायचे. त्यातही मी दोनदा पुन्हा प्यायलो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण वाचलेल्या माणसाने पुन्हा प्यायलेलं तुम्हाला आवडलं नसतं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाराशी होतेच. मला वाटतं, प्रभू आला तो यांच्या पायांनी आला. मला दुसरं काही दिसलं नाही. अजूनही उठलो की मी तेच म्हणतो, प्रभू, मला रेघ मारता येत नाही. मग कामाला जातो. संपलं.”

तो खाली बसला. ‘आमेन’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, कारण ते नेहमी प्रकाशानंतर म्हणायचं असतं. पाळकांनी एकट्यानेच म्हटलं. मग बायकोने म्हटलं. मग जरा उशिराने, सही करताना कटकट करणाऱ्या गिऱ्हाइकासारखं, खजिनदारांनी.

लोक उठले, बाकं सरकली. पाहुणे एकमेकांना विचारत होते की कुत्र्याचा तो भाग दुसरा कुणी सांगतो का. मेहुणा मात्र जागेवरच बसला होता. रंगारी त्याच्याशेजारी जाऊन बसला.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “थिनरपेक्षा खमीर बरं. जास्त झाकतं.”

“हो ना. मला बेकरीत नोकरी मिळाली असती तर आज मी मेलो असतो.”

मेहुणा हसला. मग ते हसू, कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं, त्याच्या तोंडावरून गेलं. कुणीतरी त्याच्या हातात कप आणून दिला. कप बशीवर खडखड वाजायला लागला.

“थंडी आहे,” मेहुणा म्हणाला.

रंगाऱ्याने बशीखाली आपला हात धरला.

“नाही,” मेहुणा बशीकडे बघत म्हणाला. “थंडी नाहीये.”

“उद्या सकाळी घरी ये,” रंगारी म्हणाला. “भट्टी पेटायच्या आधी. पाळकसाहेब पण येतील, त्यांना मी सांगतो. परवा पण ये. तेरवा पण.”

“आणि करायचं काय येऊन?”

“आधी प्रार्थना. मग स्वयंपाकघरातली एक भिंत राहिलीय, मी शिडीवर चढेन. तू खाली धर.”

“माझे हात असे असताना?”

“म्हणून तर. दोघांनाही घट्ट धरून राहावं लागेल.”

बायको येऊन भावाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने त्याच्या पट्टीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली, जरा जास्तच घट्ट. मेहुण्याने दोन्ही हातांनी कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

मागच्या खोलीत चहाच्या मावशी दुधाचं पातेलं हातात घेऊन अजून कुत्र्याची वाट बघत उभ्या होत्या. कुत्रा आलाच नाही. त्या रविवारी पाहुण्यांसकट सगळ्यांनी कोरा चहा घेतला, आणि त्यात साखरही नव्हती.